डाउट ऑन युवर ड्रॉइंग

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधला पोरगा माझ्या संध्याकाळच्या स्पोकन इंग्लिशच्या बॅचला येतो, लेथवर हात लय भारी बसलेला पण इंग्लिश म्हटलं की घाम फुटतो, आणि मालकानं नेमके परदेशी गिऱ्हाइकाचे मेल त्याच्याच गळ्यात मारलेत. परवा पाठवायच्या आधी मोबाईल पुढं केला. पहिलीच ओळ, 'आय हॅव डाउट ऑन युवर ड्रॉइंग.' म्हटलं थांब बाबा, हे धाडू नको.

त्याला विचारायचं होतं एवढंच की एक माप मिलिमीटरमध्ये आहे का इंचात, पण वाचणाऱ्याला वाटणार ह्याचा आपल्या ड्रॉइंगवर भरवसाच नाही. आपल्याकडं शंका म्हणजे प्रश्न पण आणि संशय पण, 'सर शंका आहे' म्हणतच शाळा संपली की सगळ्यांची. इंग्लिशमधला डाउट मात्र संशयाकडंच झुकतो. 'आय हॅव अ क्वेश्चन अबाउट द ड्रॉइंग' केलं, विषय संपला.

खाली होतं 'वी हॅव सेंट मटेरियल यस्टरडे'. आता मराठीत 'काल माल पाठवलाय' एकदम बरोबर, पण इंग्लिशमध्ये यस्टरडे आला की हॅव चालत नाही, नुसतं सेंट, आणि हॅव ठेवायचाच तर यस्टरडेला उतरवा. हे ऐकून पोरगं म्हणतंय, 'म्हणजे सिंगल सीट हाय तर.' इतकी वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं.

बाकीच्यांच्या वह्यांत पण खाली मराठीच असते. 'सोमवारपासून' आणि 'तीन वर्षांपासून', आपलं पासून दोन्हीकडं चालतं म्हणून 'सिन्स थ्री इयर्स' येतं, तिथं फॉर पाहिजे, सिन्स फक्त कधी सुरू झालं त्याला. चर्चेला 'बद्दल' लागतं म्हणून 'डिस्कस अबाउट'. अ आणि द तर विचारूच नका, मराठीत ती भानगडच नाही.

आधी मी लाल पेन घेऊन बसायचो आणि पानभर रक्तपात. आता पेन्सिल, आणि एका वेळी दोनच चुका, त्या पण अर्थ बिघडवणाऱ्या. 'प्रीपोन'ला तर हात पण लावत नाही, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीनं घेतलाय तो, मी कोण काढणारा?

आणि हो, 'बसायचो' वाचून मला बाप्या समजला असाल तर तसं नाही, मी बाईच आहे, कोल्हापूरची. आमच्यात आई, आजी सगळ्या आलो-गेलोच म्हणतात. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा मीटिंगमध्ये म्हणालो, 'हे काम मी करतो', आणि अख्खी खोली हसली, एकीनं तर प्रेमानं दुरुस्तपण केलं, 'करते गं, करते'. काम काय होतं ते कुणी ऐकलंच नाही. पुढं दोन महिने मी त्या मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही, मान हलवायचो फक्त.

काल सकाळी त्या पोराचा व्हॉट्सॲप आला, 'मॅडम, रिप्लाय हॅज कम यस्टरडे नाईट!' सोबत नाचणारी तीन माकडं. सिंगल सीटवर परत दोघं. मी अंगठा पाठवला. यस्टरडे नाईट नाही, लास्ट नाईट, पण ते मंगळवारी बघू.