डबा रिकामा परत जात नाही

नाशिकला आमच्या कॉलनीत एक अलिखित कायदा आहे, कोणाच्याही घरून आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नाही. अगदीच काही नसेल तर तळाशी चमचाभर साखर घालायची पण रिकामा नाही. दिवाळीत समोरच्या काकूंकडून चकल्या-अनारशांचं ताट येतं, ईदला मागच्या गल्लीतून शीरखुर्मा येतो, आणि मग २४ डिसेंबरला आमचा नंबर, करंज्या, शंकरपाळे, लाडू आणि वर केकचा तुकडा. (लोकांना वाटतं ख्रिश्चनांचा नाताळ म्हणजे केक आणि वाईन, अहो आमच्याकडे डिसेंबर लागला की आधी करंज्यांच्या सारणाचा वास सुटतो.) कोणाकडे काय गेलं आणि कोणाकडून काय आलं ते सगळं आईच्या डोक्यात असतं. वहीबिही काही लागत नाही. एखाद्या वर्षी कोणाकडून ताट आलं नाही तर ती बोलत नाही काही, पण पुढच्या वर्षी तिकडे जाणाऱ्या ताटात अनारसा नसतो.

मला हे सगळं मनापासून आवडतं, हे आधीच सांगतो. कॉलनी चालते ती याच्यावरच. पण नाताळ आला की मला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला चौदावा अध्याय आठवतो आणि जरा पंचाईत होते. तिथे येशू एका बड्या परूश्याच्या (म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथातल्या माणसाच्या) घरी जेवायला गेलाय, शब्बाथाचा म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीचा दिवस, आणि तो काय करतो, तर ज्याने जेवायला बोलावलं त्यालाच सांगतो की बाबा तू मेजवानी करशील तेव्हा मित्रांना, भावांना, नातलगांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते तुला उलट बोलावतील आणि तुझी परतफेड होऊन जाईल, त्यापेक्षा गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव, कारण त्यांच्याकडे परत करायला काही नाहीये. दुसऱ्याच्या पंगतीत बसून हे बोलायचं म्हणजे कमाल आहे. त्या यजमानाचा चेहरा कसा झाला असेल ते लूकने लिहिलेलं नाही, लिहायला हवं होतं.

म्हणजे आमचा तो ताटांचा सगळा व्यवहार, अनारशासकट, हा नाताळचा फक्त गोड भाग झाला. जे देणं परत येतच नाही ते ज्याचा वाढदिवस आहे त्याला जास्त आवडतं, असं तो स्वतःच सांगून गेलाय. आणि ते फार अवघड आहे हो. पैसे देणं अवघड नाही, परत काहीच न येणं अवघड आहे, कारण परत म्हणजे नुसता डबा नसतो ना. कोणी 'थँक्यू' म्हणावं, आशीर्वाद द्यावा, निदान आपल्याकडे बघून हसावं, हे सगळं परत येणंच झालं.

नाताळची गोष्ट बघा ना. संडे स्कूलच्या नाटकात दरवर्षी एक धर्मशाळावाला असतो, मोठ्या आवाजात 'जागा नाही' म्हणतो आणि टाळ्या घेतो. शुभवर्तमानात हा माणूसच नाहीये! लूक एवढंच म्हणतो की त्यांना उतारशाळेत जागा नव्हती म्हणून मरियेने बाळाला गव्हाणीत ठेवलं. धर्मशाळावाला आपण घातला, बहुतेक कोणावर तरी खापर फोडायला. आणि पहिली बातमी कोणाला, तर रात्री उघड्यावर कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. आमच्या नाटकात डोक्याला टॉवेल गुंडाळलेली इंग्लिश मीडियमची पोरं मेंढपाळ होतात आणि खरे धनगर त्याच थंडीत निफाड-सिन्नरकडे कोणाच्या तरी शेतात मेंढ्या बसवून पालात झोपलेले असतात. त्यांना नाटक बघायला बोलवावं असं आजवर कोणी सुचवलेलं नाही. मीही नाही.

बरं, २५ तारीख सगळ्यांना माहीत असते, २६ ला काय असतं ते विचारा. आमच्यातलेसुद्धा निम्मे म्हणतील सुट्टी नसते. २६ डिसेंबर हा संत स्तेफनाचा दिवस, ख्रिस्तासाठी दगडांचा मार खाऊन मेलेला पहिला माणूस म्हणून त्याला सगळे ओळखतात, पण त्याला नेमलं कशासाठी होतं ते प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांत, रोज जेवण वाटलं जायचं आणि त्यातल्या ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर होती की आमच्या विधवांना डावललं जातं. मग प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांच्या, सांगण्यावरून मंडळीने या पंक्तिसेवेसाठी सात जण निवडले, त्यात पहिलं नाव स्तेफनाचं. थोडक्यात, वाढपी. ख्रिस्तजन्माच्या दुसऱ्याच दिवशी पंचांगात विधवांच्या पानात वाढणारा माणूस बसवलाय आणि आपण त्या दिवशी काय करतो, तर उरलेला केक फ्रीजमध्ये कुठे कोंबायचा ते बघतो.

सांताक्लॉजचंही तेच. ज्या संत निकोलसवरून हा लाल कोटवाला आला तो चौथ्या शतकात मायरा गावचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला. परंपरेने चालत आलेली त्याची गोष्ट अशी की एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यापायी अडली होती, आणि या माणसाने रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. मुद्दा रात्रीचा आहे. दिवसा जाऊन दिलं असतं तर मुलींच्या बापाला जन्मभर मान खाली घालून रस्त्याने जावं लागलं असतं.

आता आपला डिसेंबर बघा. रामकुंडाजवळ, मोठ्या दवाखान्यांच्या बाहेर जिथे पेशंटचे नातेवाईक फरशीवर झोपतात तिथे, आणि पेठ-सुरगाण्याहून मजुरीला आलेली माणसं सकाळी जिथे काम मिळायची वाट बघत उभी असतात तिथे, ब्लँकेट वाटणाऱ्यांची रांग लागते. चांगलंच आहे, थंडी खरीच असते, निफाडकडे पारा इतका उतरतो की द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. पण सगळे वाटणार त्याच एका आठवड्यात, ब्लँकेट घेणाऱ्याला आधी मोबाईलकडे बघायला लावणार, आणि मग तो फोटो ग्रुपवर. फोटो आला की डबा परत आलाच म्हणायचं, भरून आला. जानेवारीत थंडी तेवढीच असते पण तेव्हा कोणीच फिरकत नाही. आमचा तरुण संघही याला अपवाद नाही बरं का, बॅनर आमच्याकडेही आहे.

आणि एक गोष्ट, जी आमच्या लोकांत बोललं की चेहरे पडतात. सेवेच्या बदल्यात धर्म हवा असेल तर तीही परतफेडच. शरणपूर रोडने रोज हजारो गाड्या जातात पण ते शरणपूर काय होतं ते फार कोणाला माहीत नसतं. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ती वस्ती. इंग्रज आरमाराने समुद्रात गुलामांची जहाजं पकडून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जायची आणि त्यातली कितीतरी इथे आणली, त्यांना लिहायला वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. मिशनला त्यांचे आत्मेही हवे होते, नाही कशाला म्हणायचं. पण जहाजाच्या तळातून आलेल्या पोराला नाशिकमध्ये पोटभर जेवण आणि हातात रंधा मिळाला, तेही तितकंच खरं. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात डेव्हिड लिव्हिंगस्टन हा प्रसिद्ध मिशनरी-संशोधक वारला तेव्हा सोबतच्या माणसांनी त्याचं प्रेत महिनोन् महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणलं, त्यात हा नाशिकला शिकलेला पोरगा होता, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीत त्या शवपेटीला त्याचाही हात लागला होता. मिशनने परत काही मागितलं नसतं तरी मिळालंच असतं असं मला वाटतं, पण ते माझं मत.

आमच्याच लोकांत न मागता देणारे काही कमी झाले नाहीत. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आणि त्यांचे रेव्हरंड ना. वा. टिळक, यांच्या घरात पैसा कधी टिकला नाही आणि अनाथ पोरं मात्र यायची. पंडिता रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळात गेले, नंतर १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन तिथल्या मुली केडगावला घेऊन आल्या. त्या मुली त्यांना काय परत करणार होत्या?

म्हणून यंदा महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये आत्याने विषय काढला की २६ तारखेला वाटप नको, जेवण करू, चर्चच्या हॉलमध्ये, टेबलं लावून, ताटं मांडून, आणि मंडळीतल्यांनी वाढायचं. कोणालाही फोटो काढू द्यायचा नाही. लगेच एकीने विचारलं, हॉलमध्ये? आत? सतरंज्या खराब होतील. आत्या म्हणाली तुझ्या मुलाच्या लग्नात रस्सा सांडला होता तेव्हा धुतल्या तशा धुऊ. मग कोणीतरी म्हणालं की माणसं येणार कशी, त्यांना काय पत्रिका द्यायची का, तर आत्या म्हणाली हो, द्यायची, मजुरांच्या नाक्यावर जाऊन, हातात. पाळकसाहेब हसले पण नाही म्हणाले नाहीत. किल्लीचं ठरलं, वाढणाऱ्यांची यादी झाली आणि आश्चर्य म्हणजे सतरंजीवालीचं नाव यादीत वरचं आहे. अडलंय फक्त जेवणावर. आत्याला मटणच हवंय, म्हणते लग्नात आपण काय वाढतो तेच वाढायचं, खजिनदार म्हणतात बजेट चिकनचं पण नाही, आणि दोघांपैकी कोणीही मागे हटायला तयार नाही.