मोस्तारमध्ये सगळं दोन-दोन

मोस्तार, रात्र

सकाळच्या गाडीनं बोस्नियाच्या राजधानीतून, सारायेव्होहून इथं आले. जेमतेम दोन तासांचा प्रवास, पण खिडकी सोडवत नाही. ब्रादिनापासून रूळ वळसे घेत कोन्यित्सपर्यंत खाली उतरतात आणि तिथून नेरेत्वा नदी सोबतीला येते. हिचे फोटो पाहून मी कायम म्हणायचे, रंग वाढवलाय कुणीतरी. नाही, खरंच अशी आहे. चुनखडीचे पांढरे डोंगर आणि खाली हे गार हिरवं पाणी. मध्ये याब्लानित्साच्या धरणाचा जलाशय लागतो, त्या सगळ्या पट्ट्यात डब्यात कुणी मोबाइलकडे बघत नव्हतं. (पलीकडचे एक काका गाढ झोपले होते. त्यांचं रोजचंच असणार.)

सारायेव्होबद्दल लिहायचं राहूनच गेलं होतं. तिथल्या जुन्या बाजारातली, बाश्चार्शियातली तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली म्हणजे थेट आपली पुण्यातली तांबट आळी: तोच ठोक्यांचा आवाज, दारात मांडलेली तीच चकचकीत भांडी. फक्त इथं भांड्यांच्या शेजारी तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांपासून केलेली पेनं आणि फुलदाण्याही विकायला असतात. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ शहराला वेढा होता, त्यातला हा उरलेला माल. मी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. कॉफीचा जेझ्वा मात्र घेतला. लांब दांड्याचं हे छोटं तांब्याचं भांडं बॅगेत कुठं बसवायचं हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

इथं शाकाहारी माणसाची उपासमार होते असं सगळ्यांनी घाबरवून ठेवलं होतं. चेवापीच्या (निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या कबाबांच्या) धुरातून चालताना ते पटतंही. पण पिठाच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्यात सारण भरून, गुंडाळी करून भाजलेली 'पिता' गल्लोगल्ली मिळते. पालकाची झेल्यानित्सा, चीजची सिर्नित्सा, बटाट्याची क्रोम्पिरुशा. बुरेक तेवढं मागायचं नाही, बोस्नियात ते मांसाचंच. वजनावर विकतात, वर दही ओतू का म्हणून विचारतात. हो म्हणायचं. आजही दुपारी तेच खाल्लं आणि उद्याही तेच खाईन, तक्रार नाही.

जेवून नेरेत्वावरच्या प्रसिद्ध जुन्या पुलावर गेले. सगळं मोस्तार तिथंच लोटलेलं असतं. दगड इतका गुळगुळीत की पाय ठरत नाही, आडव्या पट्ट्या आहेत म्हणून निभावतं. कठड्याबाहेर एक मुलगा उडी मारायच्या तयारीत उभा, त्याचा साथीदार गर्दीतून पैसे गोळा करतोय. पुरेसे जमल्याशिवाय उडी नाही. वीस मीटरहून जास्त खाली बर्फासारखं गार पाणी, तेव्हा त्याचं बरोबरच आहे.

हा पूल मिमार हायरुद्दीननं १५६६ मध्ये पुरा केला. बोस्नियाच्या युद्धात, ९ नोव्हेंबर १९९३ रोजी, इथल्याच क्रोएट समाजाच्या सैन्याच्या तोफांच्या माऱ्यानं तो नदीत कोसळला. नदीतून दगड वर काढले, पण ते परत वापरण्याजोगे राहिले नव्हते. मग जवळचाच, त्याच जातीचा तेनेलिया दगड आणून, जुन्या पद्धतीनं लोखंडी आकडे आणि शिसं वापरून नवा बांधला. २००४ मध्ये उद्घाटन झालं. हा खरा की नक्कल, असा वाद शेजारचे दोन प्रवासी घालत होते. मला तो वाद फार महत्त्वाचा वाटला नाही. बांधणाऱ्यांनी खोटं काही केलेलं नाही.

मला खटकली ती दुसरी गोष्ट. दोन समाजांना जोडणारा पूल असं सगळे म्हणतात, मीही तेच मनात धरून आले होते. पण पुलाची दोन्ही टोकं आज बहुतांशी बोस्नियाक, म्हणजे मुसलमान वस्तीतच आहेत. बोस्नियाक आणि क्रोएट यांच्यातली युद्धाची रेषा नदीवर नव्हतीच, ती पश्चिमेला काही मिनिटांच्या अंतरावर 'बुलेवार' नावाच्या साध्या रुंद रस्त्यावर होती. संध्याकाळी मुद्दाम तिथं गेले. एकही पर्यटक नाही. छप्पर नसलेल्या इमारतींच्या खिडक्यांतून झाडं वाढलेली, भिंतींवर गोळ्यांच्या खुणा, आणि त्याच्या पुढ्यातून लोक भाजीच्या पिशव्या घेऊन निवांत घरी चाललेले.

जवळच जुनं गिम्नाझियुम, म्हणजे माध्यमिक शाळा आहे, पिवळ्या-केशरी रंगाची देखणी इमारत. आत क्रोएट मुलांचा अभ्यासक्रम वेगळा, बोस्नियाक मुलांचा वेगळा, छप्पर एक. त्याच इमारतीत युनायटेड वर्ल्ड कॉलेजही चालतं, आपल्या मुळशीकडच्या महिंद्रा कॉलेजचं भावंड. तिथं मात्र सगळी मुलं एका वर्गात बसतात. गावात फुटबॉलचे संघही दोन, वेलेझ आणि झ्रिन्स्की. आणि भांडण मिटत नव्हतं म्हणून २००८ नंतर थेट २०२० पर्यंत नगरपालिकेची निवडणूकच झाली नाही! बारा वर्षं!

परतले तर घरमालकीणबाईंनी कॉफी मांडली होती. तांब्याचं ताट, जेझ्वा, बिनकानाचा छोटा पेला, साखरेचा खडा, लोकुम (मऊ गोड वडी), पाण्याचा ग्लास. साखर कॉफीत घालायची नसते. खडा बुडवायचा, तुकडा चावायचा, वर घोट घ्यायचा. गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं. मी घाई केली की त्या हातानंच 'हळू' असं दाखवायच्या. त्यांना मोडकं जर्मन येतं, मलाही तेवढंच, त्यामुळे बरं जमलं. बुलेवारवर गेले होते म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तिथं काय बघायला गेलीस? मग म्हणाल्या, त्या बाजूच्या मॉलमध्ये चपला बऱ्या मिळतात, मी जाते की. युद्धाबद्दल मी विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही. ब्लागाय कसं वाटलं, एवढं विचारलं. पुलावरून आल्यावर मधल्या वेळात बसनं तिथं जाऊन आले होते: उंच कड्याच्या पोटातल्या गुहेतून बुना नदी एकदम पूर्ण रुंदीनं बाहेर येते, कड्याला चिकटून दर्विशांची, म्हणजे सूफी फकिरांची जुनी तेकिया (मठ). हे सांगताना माझं जर्मन संपलं, मग हातवारे केले.

उद्या क्रावित्साचा धबधबा. ल्युबुश्कीकडे जाणारी बस कुठून सुटते ते सकाळी आधी विचारायला हवं. बसस्थानकंही इथं दोन आहेत, एक पूर्वेचं, एक पश्चिमेचं.