थर उतरेपर्यंत

३० ऑगस्ट, विलाफ्रांका देल पेनेदेस

उन्हाळी सुट्टीतला हा शेवटचा मुक्काम. म्युनिकच्या शाळा सप्टेंबरच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे ऑगस्टअखेरही निवांत फिरता येतं. सकाळी बार्सिलोनाहून लोकलने तासाभरात इथे आलो. चहूकडे द्राक्षांचे मळे. संत फेलिक्स हा गावाचा रक्षक संत. आज त्याचा सण, आणि त्यासाठी टाउन हॉलसमोरच्या चौकात माणसांचे थर लागतात. कास्तेल म्हणतात त्यांना. ही परंपरा कातालोनियातल्या वाल्स गावाकडची, आणि २०१० पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

माझा नवरा लालबागचा, कॉलेजात असताना गोविंदा पथकात दुसऱ्या थराला असायचा. चौकात शिरल्यापासून त्याचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. पथकातले लोक कंबरेला काळा पट्टा बांधत होते. एकाने टोक ताणून धरायचं, दुसऱ्याने गिरक्या घेत तो स्वतःभोवती आवळून घ्यायचा. पाठीला आधार मिळतोच, शिवाय वर चढणारे अनवाणी पाय त्यावरच रोवतात.

खालच्या गर्दीला पिन्या म्हणतात. शेकडो माणसं एकमेकांना भिडून, हात पुढे करून उभी. त्यात बघ्यांनाही घेतात. हिरव्या सदऱ्यातल्या एका आजोबांनी खुणेनं बोलावलं आणि हा गेलासुद्धा, अगदी मागच्या रांगेत.

टोकाचे थर सोडले तर चार-चार जणांचे, असे ९ थर लावायचे होते. सुरुवातीला कसलंच वाद्य नाही. खालचे थर पक्के वाटले तरच सनईसारखी ग्राल्या वाजू लागते. पायातल्या माणसांच्या माना खाली, त्यांना वरचं काही दिसत नाही. मनोरा कुठवर आला ते सुरांवरून कळतं. हे मला फार फार आवडलं. सर्वात वर गेली ती हेल्मेट घातलेली एक लहानगी. टोकावर हात उंचावला आणि पलीकडच्या बाजूने सरसर उतरूही लागली. आमची लेक माझा हात घट्ट धरून बघत होती. १९८०च्या दशकात बायका-मुली या पथकांत आल्या आणि मनोरे आणखी उंच झाले.

हात उंचावला तेव्हा टाळ्या पडल्या, पण खरा जल्लोष लोकांनी राखून ठेवला होता. इथे मनोरा लागला की काम अर्धंच झालं. सगळे थर नीट उतरले, तरच तो पूर्ण धरतात. उतरताना कोसळला तर मोल कमी.

आपल्याकडे हंडी फुटली की संपलं. मग थर कोसळले तरी स्पीकर चालूच. दरवर्षी किती गोविंदा जखमी होतात, काही कायमचे अंथरुणाला खिळतात. कौशल्यात आपण तसूभरही कमी नाही. जोगेश्वरीचं जय जवान पथक ९ थर लावतं, त्यामागे कित्येक रात्रींचा सराव असतो. सलामी देऊन थर सुखरूप उतरवणारी पथकंही आहेतच. मग थर लावण्याला लाखांची बक्षिसं, तशी ते नीट उतरवण्यालाही एखाद्या मंडळाने ठेवावीत ना! मला हे मनापासून वाटतं. वर चढणारं पोर कुणाचं तरी असतं.

याने जुन्या पथकाला व्हिडिओ पाठवलाय, शेवटचा माणूस खाली येईपर्यंतचा, न कापता. तिकडून लगेच प्रश्न आला: उतरायला लागल्यावर खालच्यांनी पकड कधी सोडायची, ते कोण सांगतं? आता हा त्या आजोबांना शोधायला परत चौकात गेलाय.