फोटोत नसलेली व्यक्ती

जुना फोटो दाखवून घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘हे कोण?’ असे विचारले की एक नाव मिळते आणि बोलणे बहुधा तिथेच संपते. आजीच्या तरुणपणच्या एका कृष्णधवल फोटोबाबत तर कडेवरचे बाळ माझे थोरले काका की माझे वडील, यावरही एकमत नव्हते. काकांचा जन्म १९४७ चा, वडिलांचा १९५४ चा. शेवटी माणसांऐवजी फोटो ही वस्तूच नीट पाहायची, असे मी ठरवले.

मागे तारीख नव्हती, स्टुडिओचा शिक्काही नव्हता. उजेडात तिरपा धरल्यावर मात्र कडेच्या गडद भागांवर निळसर, धातूसारखी झाक दिसली. जिलेटिनच्या थरातली चांदी दमट हवेमुळे कालांतराने पृष्ठभागावर येते तेव्हा अशी झाक धरते. परंतु हा कागद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक दशके वापरात असल्याने तेवढ्यावरून काळ ठरत नव्हता. मग अंधाऱ्या खोलीत त्यावर अतिनील टॉर्चचा प्रकाश टाकला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून फोटोच्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने मिसळू लागली आणि असा कागद या प्रकाशात निळसर चमकतो. शेजारी ठेवलेला आईवडिलांच्या लग्नाचा फोटो लख्ख उजळला, आजीचा मंदच राहिला. हा पुरावा एकतर्फी आहे, हे लक्षात ठेवावे लागते: चमकणारा फोटो १९५० च्या आधी छापलेला नसतो, पण न चमकणारा नंतरचाही असू शकतो, कारण पुढच्याही काही कागदांत ही रसायने नव्हती. तरीही माझे मत काकांकडे झुकले.

चित्राचे माप अंदाजे सहा बाय नऊ सेंटिमीटर भरले. १९०१ साली आलेल्या १२० क्रमांकाच्या रोलवर साध्या पेटी-कॅमेऱ्याने याच मापाची निगेटिव्ह मिळे आणि ती कागदावर थेट ठेवून, मोठी न करता, फोटो छापत. म्हणजे हा फोटो बहुधा कुणीतरी हौसेने काढलेला होता.

तो कुणी काढला, हे विचारण्याचे आजवर कुणाच्या मनात आले नव्हते. भिंगाखाली पाहताना आजीच्या पावलांपर्यंत आलेला गडद आकार म्हणजे एक सावली आहे, हे स्पष्ट झाले: मान खाली, दोन्ही कोपरे बाहेर, हात पोटाशी. पेटी-कॅमेऱ्यात वरच्या बाजूच्या लहानशा काचेत वाकून पाहावे लागे आणि त्याच्या साध्या भिंगाला भरपूर उजेड लागत असल्याने सूर्य पाठीशी ठेवूनच फोटो काढत. त्यामुळे काढणाऱ्याची सावली चौकटीत येणे साहजिक होते. घरात सगळे ज्याला आजीचा रागीट चेहरा म्हणत, त्या कपाळावरच्या आठ्यांचे कारणही तेच, तिच्या डोळ्यांवर ऊन होते.

यानंतर मी आत्याला वेगळाच प्रश्न विचारला: ‘पोटाशी कॅमेरा धरून, वाकून फोटो कोण काढायचे?’ ती लगेच म्हणाली, ‘अगं बाई, माझी आत्या!’ आणि मग बराच वेळ बोलत राहिली. आजोबांची ही धाकटी बहीण सगळ्यांना उन्हाकडे तोंड करून उभे करी, मुलांनी डोळे मिटले की रागवे आणि रोल महाग म्हणून एका प्रसंगाला एकच फोटो काढी. माझ्या वडिलांच्या जन्माआधीच लग्न होऊन ती कॅमेऱ्यासह दूर गेली होती. बाळाचा वाद या एका तपशिलाने माझ्यापुरता मिटला. मला मात्र त्याहून मोठा आनंद झाला तो तिचा, कारण आमच्या घरात तिचा एकही फोटो नाही आणि माझ्या पिढीला ती नावानेही माहीत नव्हती.

फोटोच्या पाकिटावर, फोटो आत घालण्यापूर्वी, पेन्सिलने तिचे नाव लिहिले. त्याखाली पाहून कळलेले, ऐकून कळलेले आणि माझा तर्क अशा वेगळ्या ओळी केल्या, म्हणजे पुढे कुणाला त्यातले काही खोडायचे झाले तर सोपे जाईल. त्याच मापाचे आणखी काही फोटो घरात आहेत आणि सध्या मी त्यांच्या खालच्या कडा तपासत आहे.