न्यू जर्सीला सहा महिने: आधी औषधांची पिशवी भरा

न्यू जर्सीला मुलांकडे निघालेल्या आई-बाबांच्या बॅगेत भाजणी, मेतकूट, लाडू सगळं वजनकाट्यावर तोलून भरलेलं असतं आणि औषधं शेवटच्या रात्री कोपऱ्यात कोंबलेली. न्यू जर्सीतल्या एडिसन गावात भाजणी कुठल्याही देशी दुकानात मिळते. मधुमेहाची ग्लिक्लाझाइड गोळी मिळत नाही. तिथल्या औषधांच्या काउंटरवर आपल्या स्ट्रिपा उलटसुलट करून परत सरकवल्या जातात, ते पाहून फार जीव तुटतो.

मधुमेहाची ग्लिक्लाझाइड, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, रक्तदाबाची सिल्निडिपिन, हृदयाची निकोरँडिल ही आपल्या गल्लीतल्या केमिस्टकडे मिळणारी औषधं अमेरिकेत मंजूरच नाहीत. म्हणून दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा. गोळी बदलायची ठरली, तर इथेच बदला आणि साखर-बीपी स्थिर झाल्याचं बघूनच विमानात बसा. चिठ्ठी इंग्रजीत, टाइप केलेली हवी. तिच्यावर पासपोर्टवरचंच नाव आणि ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅमसकट. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच राहू द्या, डब्यात सुट्या काढू नका. झोपेसाठी सर्रास दिली जाणारी एटिझोलाम मात्र अजिबात नेऊ नका; 2023 मध्ये ती तिथे बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत गेली.

आता इन्सुलिन. यावर मी जरा जास्तच बोलणार, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिट असतात आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. अमेरिकेतल्या बाटलीत जवळजवळ नेहमी 100 युनिट, सिरिंज केशरी टोपणाची. बाटली तिथली आणि सिरिंज घरून नेलेली, असं झालं की 20 च्या खुणेपर्यंत भरलेलं इन्सुलिन म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि अर्ध्या मिलिलिटरमध्ये 50 युनिट! म्हणजे अडीचपट डोस. बाटली संपल्यावर तिथून आणायची वेळ आली, तर सिरिंजही तिथलीच घ्या. त्याहून बरं म्हणजे डॉक्टरांना विचारून जाण्यापूर्वीच इन्सुलिन पेनवर (काडतूस बसवून टोचायचं पेनासारखं साधन) या. पेनची काडतुसं दोन्हीकडे साधारणपणे 100 युनिटचीच असतात.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच. चेक-इन बॅग कुठे राहील याचा नेम नाही, तिथल्या थंडीत इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसलं तरी टाकून द्यावं लागतं. गारव्यासाठीचा जेल पॅक थेट काडतुसाला टेकवू नका, मध्ये नॅपकिनची घडी ठेवा. चालू पेन फ्रिजबाहेर 30 अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं. सुरक्षा तपासणीत पिशवी वेगळी काढून स्वतःहून सांगा.

मुंबईहून न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळापर्यंत थेट विमानानेही पंधरा-सोळा तास सहज लागतात, आणि तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, म्हणजे दिवस तेवढा लांबतो. दिवसातून एकदाचं इन्सुलिन कधी आणि किती घ्यायचं, याचा तक्ता डॉक्टरांकडून तासांसकट लिहून आणा. जेवणाआधीचं इंजेक्शन ट्रे समोर आल्याशिवाय टोचू नका. हवेत विमान हादरायला लागलं की जेवण वाटणं थांबतं आणि साखर मात्र खाली जातच राहते. ग्लुकोजच्या गोळ्या सीटखालच्या पिशवीत असू द्या, डोक्यावरच्या कप्प्यात नकोत.

प्रवास विम्याबद्दल माझं मत कडक आहे: प्रीमियम बघून पॉलिसी घेऊ नका. आधीपासूनचे आजार वगळले आहेत का, आणि अचानक बळावल्यास किती रकमेपर्यंत खर्च देतात, ती कलमं शोधून वाचा. आजार लपवाल, तर दावा तिथेच अडकेल. दातांचं काम बहुतेक पॉलिसींत तातडीच्या वेदनेपुरतंच धरलेलं असतं. म्हणून हलणारा दात, अर्धवट रूट कॅनाल, सैल कवळी हे सगळं निघण्याच्या महिनाभर आधीच उरकून घ्या.