बिनव्याजी घर आणि आमची शनिवारची ठोकाठोकी

अटलांटात आम्ही काही देशी मंडळी अधूनमधून शनिवारी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेच्या साइटवर घरं बांधायला जातो, आणि हे मंडळाच्या पॉटलकमध्ये कुणाला कळलं की ठरलेला प्रश्न येतोच, "म्हणजे गरिबांना फुकट घरं वाटतात का तिथे?" अहो नाही, फुकट काही नाही, त्यांना होम लोन मिळतं आणि ते फेडावंच लागतं. फक्त मूळ पद्धत बिनव्याजी आहे. हल्ली काही गावांत थोडं व्याज लावतात, पण घरावरचा महिन्याचा खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्क्यांत बसेल असं बघतात.

बिनव्याजी म्हणजे नेमकं किती फरक पडतो ते एकदा कॅल्क्युलेटरवर करून बघा. दीड लाख डॉलरचं कर्ज, ३० वर्षं. व्याज नसेल तर हप्ता ४१७ डॉलर, ७ टक्के असेल तर तोच जवळजवळ १,००० डॉलर, आणि शेवटी बँकेला एकूण साडेतीन लाखांच्या वर भरलेले असतात. टॅक्स आणि इन्शुरन्स वेगळे. म्हणजे भिंती त्याच, छप्पर तेच, पण एक घर तासावर पगार घेणाऱ्या बाईला परवडतं आणि दुसरं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तास. घर घेणाऱ्या कुटुंबाला स्वतः साइटवर राबावं लागतं, किती तास ते गावागावानुसार बदलतं, पण शेकड्यांत असतात, आणि नुसतं स्वतःच्या घरावर नाही तर आधी दुसऱ्यांच्या घरावर. पैशांचे, बजेटचे, घर कसं सांभाळायचं याचे क्लासही असतात. आम्ही मागच्या वेळी बांधलेल्या घराची मालकीण हॉस्पिटलात नाइट शिफ्ट करायची, शिफ्ट संपवून थेट साइटवर, डोळे लाल, हातात कॉफी, आणि हातोडी मात्र आमच्यापेक्षा सफाईने चालवायची कारण तोपर्यंत तिने इतरांच्या घरांवर बरेच खिळे मारलेले होते. आम्ही डेस्कवाले हातोडी तिच्या लोखंडी टोकाजवळ धरतो, तिने सांगितलं की दांड्याच्या खालच्या टोकाला धर आणि वजन हातोडीलाच करू दे, मनगट दुखणार नाही. तिची बहीणपण यायची, बहिणीचेही काही तास हिच्या खात्यात धरले गेले.

इथलं घर म्हणजे लाकडाचा सांगाडा, विटा-सिमेंटचं काम फक्त पायापुरतं. दर १६ इंचावर एक उभी फळी, ती जमिनीवर आडवी ठोकून अख्खी भिंत तयार करायची आणि मग दहाबारा जणांनी "वन टू थ्री" करत उभी करायची. भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. फोटो तेव्हाचेच निघतात सगळे. पण प्रामाणिकपणे बघितलं तर सराईत सुतारांची टोळी हेच काम आमच्या कितीतरी आधी उरकेल, शिवाय आमच्यामागे एक सुपरवायझर दिवसभर वाकडे खिळे उपटत फिरत असतो. वायरिंग आणि प्लंबिंग लायसन्सवालेच करतात, त्याला आम्हाला हात लावू देत नाहीत, आणि बरंच आहे ते. कंपन्या "टीम बिल्डिंग" म्हणून माणसं पाठवतात तेव्हा घराला खरा उपयोग होतो तो कंपनीच्या चेकचा, आमच्या सेल्फीचा नाही. मला हे बोलून दाखवायला आवडतं म्हणून ग्रुपमध्ये माझी पॉप्युलॅरिटी थोडी कमीच आहे.

आणि ही आयडिया काही आजची नाही, आमच्याच जॉर्जियातली आहे. अमेरिकस नावाच्या गावाजवळ कोइनोनिया नावाचं शेत आहे, क्लॅरेन्स जॉर्डन आणि मंडळींनी १९४२ मध्ये काढलेलं, जिथे गोरे आणि काळे एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे. दक्षिणेत, त्या काळात! गोळीबार झाला, आसपासच्या दुकानदारांनी बहिष्कार टाकला, तर यांनी पिकान नट्स पोस्टाने विकून शेत तगवलं. तिथे मिलर्ड फुलर आला, तिशीच्या आधीच मिलियनेर झालेला, पण लग्न मोडायला आलं तेव्हा नवराबायकोने सगळी संपत्ती देऊन टाकायची ठरवली. त्याने आणि जॉर्डनने मिळून एक फंड काढला, त्यातून ना नफा ना व्याज अशी घरं बांधायची, आणि हप्ते परत आले की त्यातूनच पुढचं घर. पहिलं घर पूर्ण व्हायच्या आतच १९६९ मध्ये जॉर्डन गेला. मग फुलर दांपत्य आफ्रिकेतल्या झैरेत (आताचं काँगो) जाऊन हेच करून आलं आणि १९७६ मध्ये हॅबिटॅट सुरू झालं. पुढे २००५ मध्ये संस्थेच्या बोर्डाने फुलरलाच काढून टाकलं, तो एक वेगळाच पोस्टचा विषय आहे.

लोकांना मात्र हे सगळं अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचंच वाटतं. ते १९८४ मध्ये जॉर्जियातल्या लोकांबरोबर बसने न्यूयॉर्कला गेले, १९ कुटुंबांसाठी एक पडकी बिल्डिंग दुरुस्त करायला, आणि तिथून दरवर्षीचा पायंडा पडला. २०१९ मध्ये पंच्याण्णवाव्या वर्षी घरी पडले, भुवईवर १४ टाके, आणि तसेच काळानिळा डोळा घेऊन नॅशव्हिलच्या साइटवर हजर. मी मूळचा विक्रोळीचा, त्यामुळे मला अजून एक गोष्ट सांगायचा मोह होतोच: त्यांच्या आई, लिलियन कार्टर, वयाच्या ६८व्या वर्षी पीस कोअरमधून (परदेशी व्हॉलंटियर्स पाठवणारी अमेरिकन सरकारची संस्था) नर्स म्हणून विक्रोळीत आल्या होत्या, १९६६ ते ६८, गोदरेजच्या कॉलनीत. आणि २००६ मध्ये कार्टर स्वतः लोणावळ्याजवळ मळवलीच्या बाजूला पाटण गावात आले, जगभरच्या व्हॉलंटियर्सबरोबर १०० घरं बांधायला. ब्रॅड पिट येऊन गेला म्हणून आपल्याकडे पेपरात तेवढंच गाजलं, असो.

आता हे सगळं असलं तरी अटलांटात खरी अडचण जागेची आहे. प्लॉटचे भाव असे वाढलेत की फुकट राबणारे हात कितीही जमले तरी घरं उभी करायला जमीनच सापडत नाही, आणि सापडली की आजूबाजूचे लोक मीटिंगमध्ये येऊन "आमच्या घरांच्या किमती पडतील" म्हणून ओरडतात. त्यात आपलेही असतात बरं का, नावं नको घ्यायला. मला विचाराल तर एक शनिवार कमी ठोका पण त्या झोनिंगच्या (कुठल्या जागेवर काय बांधायचं ते ठरवणाऱ्या) मीटिंगला जाऊन तीन मिनिटं बोला, तिथे माणसंच कमी पडतात.

तरी यायचंच असेल तर कमेंटमध्ये सांगा, पुढच्या वेळी कारपूल करू. सकाळी लवकर निघतो, पाणी आणि डबा स्वतःचा आणा, आणि बूट बंदच हवेत, सँडलवाल्यांना साइटवर घेत नाहीत.