नरनाळा: गाडी खालीच ठेवा

अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्याच्या माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. तरीही सांगतो, परवानगी मिळत असेल तर गाडी पायथ्याच्या शहानूर गावात ठेवा आणि पायी चढा. गाडीनं थेट वर गेलात तर दरवाजे नीट पाहायचे राहून जातात, आणि या किल्ल्याचं निम्मं मोल त्या दरवाजांत आहे.

जानेवारीत मी, मावसभाऊ आणि त्याची नववीतली मुलगी असे तिघं गेलो. अकोल्याहून अकोट साधारण ४५ किलोमीटर, एसटी सहज मिळते. पुढे पोपटखेडवरून शहानूर. या टप्प्यासाठी स्वतःचं वाहन बरं. नाहीतर अकोटहून ऑटो करा आणि परतीचंही त्याच्याशीच ठरवून टाका. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पातल्या नरनाळा अभयारण्यात येतो, म्हणून शहानूरच्या नाक्यावर नाव नोंदवून, शुल्क भरून, वाटाड्या घेऊनच पुढे जायचं. पायी जायचंय हे तिथे आधीच सांगा. आमच्यासोबत गावातलाच एक कोरकू तरुण आला. निघताना त्यानं आमच्या बाटल्या पाहिल्या आणि म्हणाला, "अजून घ्या भाऊ, वर पेयाचं पाणी नाई भेटत." आम्ही दोनच बाटल्या नेल्या होत्या. त्याचं ऐकून आणखी चार घेतल्या, आणि त्या सगळ्या लागल्या. माणशी दोन लिटर धराच.

वाट सागाच्या रानातून वर जाते. जानेवारीत खाली पडलेली सागाची पानं वाळून कडक झालेली असतात; उतारावर त्यांच्यावरून पाय सटकतो. मी एकदा घसरलो, कोपर खरचटलं. तळव्याला खाचा असलेले बूट घाला. गवतातून जाताना कुसळं मोज्यांत शिरतात, म्हणून पूर्ण पँट हवी. आणि वाटाड्याला सोडून पुढे पळू नका. इथे बिबट आहे, अस्वल आहे.

शहानूर दरवाजा, मेहेंदी दरवाजा आणि मग महाकाली दरवाजा. या शेवटच्यापाशी आम्ही अर्धा तास बसलो. फिकट दगडातली कमळं, कोरलेली अक्षरं, दोन्ही अंगांना झरोके आणि नाजूक जाळ्या. बहमनी काळात, १४८७ साली, फतेहुल्ला इमाद-उल-मुल्कनं तो बांधला. पुढे वऱ्हाडची इमादशाही सुरू करणारा हाच. सकाळचं ऊन जाळ्यांवर असतं तेव्हाच पोहोचा.

वर राणीमहाल आहे, नऊगजी तोफ आहे. पण मला खिळवून ठेवलं ते पाण्यानं. आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. विहीर खोदली तरी पाणी खारट. आईची निम्मी हयात गोड पाण्याच्या मागे गेली. इथे डोंगराच्या डोक्यावर जागोजाग तळी आहेत, आणि काही टाकी अशी की वरून दगडानं झाकलेली, पाणी काढायला फक्त लहान तोंडं ठेवलेली. झाकण असल्यानं ऊन लागत नाही, पाणी कमी आटतं, पालापाचोळाही पडत नाही. पावसाचा थेंब खाली पूर्णा नदीकडे पळून जाण्याआधी अडवायचा, एवढाच तो विचार. पुतणी एका तोंडाशी ओणवी होऊन बराच वेळ आत पाहत होती. टाक्यांच्या काठाशी मुलांचा हात धरूनच राहा, कठडे नाहीत.

शक्कर तलावात अंघोळ केली की कुत्रा चावल्याचं विष उतरतं अशी जुनी समजूत आहे. तलाव जरूर पाहा, पण कुत्रा चावला तर जखम साबणानं धुऊन लगेच दवाखाना गाठा, इंजेक्शन घ्या.

जेवण बांधून न्या. आम्ही ज्वारीची भाकर, झुणका आणि ठेचा नेला होता; वानरं जवळ आली की डबा बंद करायचा, त्यांना काही टाकायचं नाही. दक्षिणेकडच्या तटावर बसलं की कपाशी-तुरीचं सगळं सपाट रान खाली दिसतं. आमचं गाव तिथेच कुठेतरी धुक्यात होतं.

दुपारी दोनला उतरायला लागलो. पायथ्याशी येईतो नाक्याची वेळ संपता कामा नये, म्हणून याहून उशीर करू नका. शहानूरला हापशीचं पाणी प्यालो. गोड होतं. आईसाठी एक बाटली भरून घेतली.